थेरपिस्टमध्ये दुसरं दाखवा ना!

साडीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साठतात. रोज संध्याकाळी काउंटरवर उलगडलेल्या साड्यांचा ढीग पडतो ना, अगदी तसे. घड्या घालता घालता एकेक हाताला लागतो आणि हात काम करत असतात, तोंड हसत असतं.

हिंदमाताच्या आमच्या दुकानात मी आणि सुषमा कित्येक वर्षं शेजारी शेजारी उभ्या आहोत. ती काठपदराच्या काउंटरला, मी कॉटनला. पन्नास साड्या काढायला लावून ‘जरा फिरून येते हं’ म्हणणारी बाई आम्ही पायऱ्या चढतानाच ओळखतो. पण गेल्या वर्षी आम्ही दोघीच तशा बाया झालो! फरक एवढाच, की आम्ही साडी नाही, थेरपिस्ट शोधत होतो. सुषमासाठी.

हे किस्से तिचेच. सांगायची परवानगीही तिचीच. “सांग बिनधास्त,” म्हणाली, “फक्त माझ्या वजनानं लिफ्ट पडली असं सांगू नकोस!”

* * *

तर, लिफ्ट. सुषमा राहते लालबागला. चाळ पाडून टॉवर झाला आणि एका खोलीतली ही मंडळी एकदम सोळाव्या मजल्यावर गेली. नवरा दिलीप, नववीतली तन्वी, सासूबाई आणि ही.

एका दुपारी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये एकटीच होती. अर्ध्याच्या वर गेल्यावर लाइट गेले आणि लिफ्ट सुटली. ती म्हणते, पाय जमिनीला लागत नव्हते. मग एक हिसका बसला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. अंधारात ही बराच वेळ तशीच, टोमॅटोवर बसलेली. फायर ब्रिगेडनं दार फाकवून बाहेर काढलं, तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता.

तिथेच घोळ झाला! पायाला प्लॅस्टर असतं तर लोकांनी मोसंबी तरी आणली असती. आता जो येईल तो चहा पिऊन म्हणायचा, “काही झालं नाही ना? देवाची कृपा!” झोप लागते का, जेवण जातं का, कुणी विचारलं नाही. सोसायटीचे सेक्रेटरी परब मात्र खास चौकशीला आले. सुषमासमोर बसले, आवाज हळू केला आणि म्हणाले,

“वहिनी, अजिबात टेन्शन घेऊ नका. मी स्वतः उभं राहून चेक करून घेतलंय. लिफ्टला काहीही झालेलं नाही!”

* * *

त्या दिवसापासून सुषमानं लिफ्ट सोडली. दुकानात दिवसभर उभं राहायचं आणि घरी जाऊन सोळा मजले चढायचे. गुडघे बोलायला लागले. दादरच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो.

“जिने वगैरे चढता का?” डॉक्टर.

“सोळा मजले.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “कशाला?”

“लिफ्टची भीती वाटते.”

डॉक्टरांनी मान हलवली, अगदी समजल्यासारखी. कागदावर ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बाहेर येऊन आम्ही वाचलं: ‘जिने बंद. लिफ्ट वापरावी.’

रोज दोनदा, जेवणानंतर, एवढंच लिहायचं राहिलं होतं!

* * *

शेवटी ती भावाकडे राहायला गेली. अँटॉप हिलला, सरकारी कॉलनीत, तळमजल्यावर. रोज दुकान सुटलं की आधी लालबागला जायची. तन्वी खाली यायची. गेटजवळच्या कट्ट्यावर मायलेकी बसायच्या, अभ्यास, मैत्रिणी, परीक्षा, सगळं तिथेच. मग तन्वी लिफ्टनं वर आणि ही बसनं अँटॉप हिलला. स्वतःच्या बिल्डिंगमध्ये ती पाहुणीसारखी यायची आणि वॉचमनही आधी आधी गंमत करायचा, नंतर ते सोडून कट्टा पुसून ठेवायला लागला.

दुकानातही तब्येत बरी नव्हती. मोठा आवाज झाला की दचकायची. एकदा लग्नाच्या सीझनमध्ये एक वरमाय आणि तिच्या दोन जावा पैठण्या बघत होत्या. सुषमानं पदर खांद्यावर टाकून दाखवला, तेवढ्यात समोरच्या दुकानाचं शटर धाडकन आपटलं. पुढच्या क्षणी सुषमा गायब! मी वाकून पाहिलं, तर ही काउंटरखाली, दोन्ही हात डोक्यावर, पैठणी गुंडाळलेली.

वरमायनं जावेला कोपरानं ढोसलं.

“बघितलंस? भारी माल खाली लपवून ठेवतात हे लोक!” आणि मग वाकून, “ताई, आम्हाला वरचं नकोच. तुम्ही खालचंच दाखवा!”

मी सुषमाजवळ बसले. एका हातानं तिचा हात धरला. दुसऱ्या हाताला लागेल ती साडी खालून वर सरकवली. तिघी खूश झाल्या, ती साडी घेऊनच गेल्या. सुषमा उठली तेव्हा गिऱ्हाईक गेलेलं होतं आणि शेठ उभे होते.

“सुषमाबेन, काउंटरच्या खालून एकदा विकलं जातं, रोज नाही,” ते म्हणाले. “कोणाला तरी दाखवा. दिवाळीपर्यंत मी काही बोलणार नाही.”

म्हणजे दिवाळीनंतर बोलणार होते. ते आम्हा दोघींना कळलं.

* * *

थेरपिस्ट हा शब्द तन्वीनं आणला. शाळेत कुणीतरी लेक्चर देऊन गेलं होतं. “आईला ट्रॉमा झालाय. तिला थेरपिस्ट लागेल.”

सासूबाईंनी हातातली कोलंबी सोलायची थांबवली. “थेरपिस्ट? ह्यो खयचो देव?”

त्यांचा स्वतःच्या देवावर विश्वास. दुसऱ्याच दिवशी सकाळी, सगळे कामावर निघायच्या वेळी, त्या नारळ घेऊन तळमजल्यावर लिफ्टसमोर उभ्या राहिल्या. गाऱ्हाणं खरं तर पुरुषांनी घालायचं, पण दिलीपला लाज वाटत होती.

“बा देवा म्हाराजा! ह्या लिफ्टीच्या दारात तुका गाऱ्हाणा घालतंय! माझे सुनेक जा काय बाधला आसात, ता ह्या नारळाबरोबर ने रे म्हाराजा!”

खाली उतरणारे आणि वर जाणारे, अख्खी बिल्डिंग तिथेच तटलेली. पण बिल्डिंग कोकणातली! कुणीतरी सवयीनं म्हणालं, “व्हय म्हाराजा!” मग सगळेच. टायवाला, डबेवाली, पोळीवाली मावशी, वॉचमन, पार्सल घेऊन आलेला बिहारचा पोरगाही, “व्हय म्हाराजा!”

“आणि परत हिच्या वाटेक जाशीत, तर तुझा काय ता बघून घेतलंय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आतली बाई गोड आवाजात म्हणाली, “प्लीज क्लोज द डोअर.”

सासूबाई दोन पावलं मागे सरल्या. “बोलला! बोलला मेला!”

* * *

मग आम्ही शास्त्रशुद्ध मार्गानं जायचं ठरवलं. परळला हॉस्पिटलांना काय तोटा! एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन मी सरळ विचारलं, “ट्रॉमा कुठे बघतात?”

वॉचमननं बाण दाखवला. बाणामागून बाण करत पोचलो, तर समोर स्ट्रेचर, रक्त, धावपळ. एक सिस्टर घाईघाईनं आली.

“पेशंट कुठाय?”

“ही काय,” मी सुषमाला पुढे केलं.

सिस्टरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काय तुटलंय?”

सुषमा विचार करायला लागली. खरंच विचार करत होती! शेवटी म्हणाली, “तेच बघायला आलोय.”

सिस्टर चांगली होती. हसली नाही. “पलीकडच्या बिल्डिंगमध्ये जा,” म्हणाली, “पहिला मजला. जिना आहे.”

पहिल्या मजल्यावर पाटी होती, मानसोपचार विभाग. बाकावर माणसं बसलेली. आणि तिसऱ्या बाकावर, हातात फाइल घेऊन, कोण? सेक्रेटरी परब!

तिघांचीही नजरानजर झाली. परबांनी फाइल छातीशी धरली.

“मी आपलं… डोळे दाखवायला,” परब म्हणाले.

“आम्ही पण,” सुषमा म्हणाली.

“हो का! छान, छान.” डोक्यावरच्या पाटीकडे कुणीच बघत नव्हतं. मग परबच म्हणाले, “इथे डोळे फार चांगले तपासतात हो. मी दर महिन्याला येतो!”

* * *

तिथून आम्ही जे पळालो ते थेट बसस्टॉपवर. “आता बिल्डिंगभर होणार,” सुषमा म्हणाली. तेव्हा प्रायव्हेट बघायचं ठरलं. तिची अट एकच, क्लिनिक तळमजल्यावर पाहिजे. डिग्री नंतर, मजला आधी! अशानं आम्ही ठाकूरद्वारच्या एका वाडीत पोचलो. पाटी होती, ‘लाइफ हीलर व ट्रॉमा रिलीज एक्स्पर्ट’. सर आधी इन्शुरन्समध्ये होते. माणसाच्या भीतीचा अभ्यास तिथूनच झाला असावा.

सरांनी सुषमाला झोपवलं, उदबत्ती लावली, मोबाइलवर झऱ्याचा आवाज लावला. झरा रंगात आला की मध्येच बनियनची जाहिरात लागायची. सरांनी डोळे मिटले.

“मला विहीर दिसतेय. मागच्या जन्मी तुम्ही विहिरीत पडला होतात. ही लिफ्टची भीती नाही, ती विहीर आहे.”

सुषमानं एक डोळा उघडला. “सर, या जन्मीचं आधी बघू या का? मागचं थकलेलं नंतर फेडते.”

“पडला नव्हतात,” सर पुढे म्हणाले, “ढकललं होतं. अगदी जवळच्या व्यक्तीनं. ती व्यक्ती या जन्मीही तुमच्या आसपास आहे.”

खोलीत आसपास म्हणजे मीच!

उपाय दहा सिटिंगचा होता, तो आम्ही घेतला नाही. पण दादरपर्यंत सुषमा माझ्याशी बोलली नाही. उतरताना एकदाच म्हणाली,

“विहिरीचं जाऊ दे वैशू. पण गणपतीत माझं ते ठाण्याचं गिऱ्हाईक तूच फोडलंस ना?”

* * *

मग तन्वीनं मोबाइलवर ऑनलाइन थेरपी बुक करून दिली. मजल्याचा प्रश्नच नाही! दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून सुषमानं फोन समोर धरला. स्क्रीनवर एक अगदी फ्रेश चेहऱ्याची मॅडम. मागे झाड, पुस्तकं, पांढरी भिंत.

“सुषमाजी, हाऊ डज दॅट मेक यू फील?”

सुषमानं मला खुणेनं विचारलं. मी कुजबुजले, “सांग, कसंतरीच होतं.”

“कसंतरीच होतं,” सुषमा म्हणाली.

“सॉरी? कॅन यू से दॅट इन इंग्लिश? ऑर हिंदी?”

मी हात वर केले. ‘कसंतरीच होतं’ याला इंग्रजीत काय म्हणतात, कुणाला माहीत असेल तर आजही कळवा! शेवटी सुषमा तिच्या हिंदीत सुरू झाली. मला गिऱ्हाईक आलं म्हणून मी आत गेले.

परत आले तर दृश्य वेगळंच. सुषमा डोळे पुसत, मोकळेपणानं, मराठीत बोलत होती. अंधार, तो हिसका, टोमॅटो, सगळं. आणि मॅडम मान किंचित तिरकी करून, पापणीही न लववता ऐकत होत्या. मी नीट पाहिलं. नेटवर्क गेलं होतं! मॅडम केव्हाच गोठल्या होत्या.

मी सांगितलं तेव्हा सुषमाला वाईट वाटलंच नाही.

“तरीच!” ती म्हणाली. “म्हटलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी मध्ये बोललं नाही!”

आणि अॅपवर तिनं मॅडमना पाच स्टार दिले.

* * *

दसरा जवळ आला. शेठ सुषमाच्या काउंटरवर एका नव्या मुलीला ‘शिकायला’ उभं करायला लागले होते. सुषमा साड्यांच्या घड्या पुन्हा पुन्हा घालत बसायची.

अशात एक दिवस परबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून मग हळूच म्हणाले, “वहिनी, ते डोळ्यांचं… तिथे एक नवीन मॅडम बुधवारी बसतात. मराठीत बोलतात. घाई करत नाहीत. मला पुष्कळ… म्हणजे, आता स्वच्छ दिसतं.” आणि फोन ठेवला.

बुधवार आमचा सुट्टीचा वार नव्हता, तरी गेलो. मॅडम कॉलेजातून नुकतीच आल्यासारखी दिसणारी मुलगी. सुषमा आता अनुभवी गिऱ्हाईक झाली होती. बसायच्या आधीच म्हणाली, “लिफ्टमध्ये बसवणार असाल, तर आत्ताच सांगा.”

“तुम्ही म्हणाल तेव्हा,” मॅडम म्हणाल्या. “नाही म्हणालात, तर नाही.”

सुषमानं वळून माझ्याकडे पाहिलं. “वैशू, ही माल गळ्यात मारत नाही!”

मला बाहेर बसायला सांगितलं. मग दर बुधवारी मी बाहेर बसायला लागले. ती बाहेर यायची, कधी रडलेली, कधी नुसती दमलेली. मी विचारत नव्हते. एका बुधवारी तिथल्याच फुटपाथवर चहा पिताना तिनं आपणहून सांगितलं.

“लिफ्ट सुटली ना, तेव्हा मला काय वाटलं, माहितीये? तन्वी नाही आठवली. देव नाही आठवला. मला वाटलं, बरं झालं, उद्या डबा करायला नको.”

मला हसू येणारच होतं. तिचा चेहरा बघून थांबले.

“एक क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं गं. आई असून! लिफ्टपेक्षा मला माझीच भीती बसली. वर कुठल्या तोंडानं जाऊ?”

“मॅडम काय म्हणाल्या?”

“पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ‘किती दमला होतात तुम्ही.’ एवढंच.”

मी इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी. तिच्या ब्लाउजचं माप मला पाठ. आणि हे मला माहीत नव्हतं.

* * *

घरच्यांना तिनं ते कट्ट्यावर कसं सांगितलं कोण जाणे, पण सोमवारपासून सासूबाईंना बाजूला करून डबा दिलीप भावोजी करायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी उपमा केला. दुपारी तन्वीचा मेसेज आला, ‘आई, चमचा वाकला!’

लिफ्टचंही हळूहळू सुरू झालं. आधी नुसतं दारासमोर उभं राहायचं. मग दार उघडं ठेवून आत. मग एका रविवारी, फक्त एक मजला, आणि सोबतीला मी. सुषमानं माझा हात असा दाबला, की बांगडी पिचकली. दार लागलं. लिफ्ट हलली. सुषमा मॅडमनी शिकवल्याप्रमाणे संथ श्वास घेत होती. पहिल्या मजल्यावर दार उघडलं, ती शांतपणे बाहेर पडली आणि मी तिथेच भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागले!

सुषमानं पदरानं माझे डोळे पुसले.

“वैशू,” म्हणाली, “तुला ना, कोणाला तरी दाखवायला पाहिजे!”

ती आता घरी राहते. नवव्या मजल्यापर्यंत लिफ्ट, पुढे जिना. परवा दहाव्यापर्यंत गेली होती, पण मग परत नववा. मॅडम म्हणतात, चालतं. दिवाळी होऊन गेली. काउंटर तिच्याकडेच आहे.

* * *

आता शेवटचा. हाही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला.

सुषमा दर बुधवारी जाते आणि बरी होते, हे सासूबाई बघत होत्या. “थय ती बाय करता काय?” त्यांनी विचारलं.

“ऐकते,” सुषमा म्हणाली.

“आणि?”

“आणि काही नाही. ऐकते.”

“ऐकूचो पगार गावता?” सासूबाईंचा विश्वास बसेना. “मी येतंय. माका बघूचीच आसा ती.”

आल्या. ठेवणीतलं नऊवारी, नाकात नथ, हातात पिशवी. तिघी बाकावर बसलो. सुषमाचं नाव पुकारलं, तशा सासूबाईच उठल्या. “तू बस गो. पाच मिनटा. तिका बघतंय आणि येतंय.” आम्ही काही म्हणायच्या आत त्या आत गेल्या आणि दार लागलं.

आम्हाला वाटलं, आता भांडणाचा आवाज येणार. आला नाही. मधे एकदा सुषमा दाराजवळ जाऊन उभी राहिली. आतून सासूबाईंचाच आवाज येत होता, पण अगदी हळू, आणि आम्ही कधी ऐकलेला नव्हता असा. ती परत येऊन बसली. आमच्या नंतरच्या माणसाचीही वेळ झाली. तो बिचारा फाइल मांडीवर ठेवून बसून राहिला.

दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या. नथ काढून मुठीत धरली होती. डोळे लाल. मागे दारात मॅडम उभ्या होत्या.

“आई, काय झालं?” सुषमा उठली.

“काय नाय.” सासूबाईंनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाल्या. दोन पावलांवर थांबून मागे वळल्या.

“फुडल्या बुधवारी माझो नंबर आसा. तुझा तू गुरवारचा बघ.”